अकरा विसावे

आमचे शेजारी विसूनाना अंतर मैलांत मोजत नसत, विसाव्यांत मोजत. जयेंद्रगंजातल्या आमच्या आळीपासून महाराजबाडा दोन विसावे, हजीरा नऊ. टांगेवाल्यालाही तेच. "भैया, नौ विसावे चलोगे?" तो बिचारा विचारी, "ये गाँव किधर पड़ता है, बाबूजी?" की नाना उसळलेच. "ग्वाल्हेरात टांगा हाकतो आणि हजीरा माहीत नाही! अंधेर आहे, अंधेर!"

दुधीभोपळा कडू निघाला, अंधेर. थंडीत ऊन उशिरा आलं, अंधेर. पण खरं सांगते, त्या दिवसांत त्यांना चिडायला जागा होती. नाना दरबारच्या शिकारखान्यात कारकून. मग दरबार विलीन झाला, मध्य भारत आलं. मग तेही विलीन झालं, मध्य प्रदेश आला. "खुर्ची तीच, टेबल तेच, टेबलावरचा शाईचा डाग तोच. मी कुणाचा नोकर, तेवढं दर खेपेला बदलतं!" आणि आता हुकूम आला की खुर्चीसुद्धा भोपाळला. मुदत एक महिना.

माईंना, म्हणजे नानांच्या बायकोला, जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. एकटा माणूस, सामान बांधायचं सोडून काय करत होता? दौड ठरवत होता! रमण्यातून. रमणा म्हणजे दरबारचं शिकारीसाठी राखलेलं डोंगररान. नानांची उमेदीची वर्षं तिथल्या चौकीवर गेलेली. जायच्या आधीच्या रविवारी आळीतल्या मुलामुलींनी फाटकापासून माथ्यापर्यंत धावायचं, असा बेत.

मी तेव्हा पंधरा वर्षांची आणि शाळेत धावण्यात पहिली. माझी तर खात्री होती की हरणं माझ्याकडे बघून शिकतात. त्यामुळे नानांनी नकाशा पसरला तेव्हा सगळ्यात पुढे माझं नाक. वाटेवर अकरा लाल टिंबं.

"हे काय, नाना?"

"विसावे. प्रत्येक ठिकाणी बसायचं. पन्नास श्वास मोजायचे, मग उठायचं."

"शर्यतीत बसायचं?"

"शर्यत कोण म्हणालं? दौड आहे."

मी हात नाचवत म्हणाले, "विसावे तिरडीला असतात, नाना. आम्ही जिवंत आहोत!"

आईने दंडाला असा चिमटा काढला की वळ चार दिवस राहिला. आठ दिवस राहायला हवा होता. नाना लाल पेन्सिलीला टोक काढत बसले.

परवानगीचा अर्ज त्यांनी जुन्या दरबारी मायन्याने, मराठीत, शिकारखान्याच्या नावे धाडला. हाताला तीच सवय. अर्ज परत आला: 'यह कार्यालय अब विद्यमान नहीं है।' नाना आळीच्या तोंडाशी उभे राहून कडाडले, "कार्यालय नाही, कबूल! डोंगर आहे ना? का त्याचीही बदली केली भोपाळला?"

दुसरा अर्ज जंगल-कचेरीत. तिथे कळलं, रमण्याची फाइल आधीच भोपाळला गेली. तिसऱ्यावर त्याच कचेरीचा शेरा आला: 'दौड़ में विश्राम का औचित्य स्पष्ट करें।' साहेब तोंडी म्हणाला, विसावे खोडा, आज सही करतो. नाना म्हणाले, "एक वेळ दौड खोडा, विसावे राहू द्या!" आणि चालते झाले.

मला रागच आला. "कशाला हवाय कागद? बोरं खायला सगळे भिंतीवरून जातात की आत."

"पोरी, तीस वर्षं कारकुनी केली मी. जे कागदावर नाही ते जागेवर राहत नाही. मी गेल्यावर ती वाट कोण ओळखणार? दौड मंजूर झाली की नकाशा फाइलीत लागतो. लागला की लागला."

चौथा अर्ज लिहायला मला बसवलं, कारण माझी हिंदी शाळेची आणि अक्षर मोत्यासारखं. नकाशाही मीच उतरवला. आणि या बाईसाहेबांनी काय केलं? अकराच्या अकरा टिंबं गाळली. नाना घाईत होते, वर सही ठोकून मोकळे झाले.

तीन दिवसांत मंजुरी! मी कागद नाचवत नेला. नानांनी तो दोनदा वाचला. नकाशा उजेडात धरला. मी 'अंधेर'ची वाट बघत होते. ते एवढंच म्हणाले, "अक्षर छान आहे, कुसुम."

रविवारी दौड झाली. सलवारीला चार पिना टोचून मी जी सुटले ती माथ्यावरच थांबले. खाली तळं, लांबवर किल्ला, आणि मी पहिली. बाकीची मुलं धापा टाकत आली. नाना येईनात. मला शाबासकी द्यायची सोडून हा माणूस गेला कुठे? तणतणत मी उलटी उतरू लागले.

उतरताना दिसलं. करधईच्या झाडांखाली, वाटेच्या कडेला, सपाट दगड. नीट बसवलेले, दोघं बसतील एवढे. एक, मग आणखी एक. वर जाताना मी ते सगळे उड्या मारून ओलांडले होते.

खालून चौथ्या दगडावर नाना बसले होते. अगदी कडेला, अर्धा दगड रिकामा ठेवून.

"नाना, मी पहिली आले!"

"थांब. पन्नास व्हायचेत." ओठ हलत राहिले. मग म्हणाले, "माईचे पन्नास. मग ती उठायची. चौकीवर होतो तेव्हा रोज संध्याकाळी माथ्यावर जायचा हट्ट. श्वास पुरायचा नाही, हट्ट पुरायचा. ती दमली की मी तिथे दगड बसवायचो. अकरा लागले."

माईंची धाप सगळ्या आळीला ऐकू यायची. मलाही यायची. आणि मी तिरडी म्हणाले होते.

मी त्यांच्याशेजारी टेकायला गेले.

"तिथे नको," नाना हळूच म्हणाले. "या बाजूला ये."

मी या बाजूला, खाली मातीत बसले. आणखी सात विसावे आम्ही तसेच चढलो.

मंगळवारी नाना भोपाळला गेले. त्याच संध्याकाळी मी पाचवा अर्ज लिहिला, मोत्यासारख्या अक्षरात, अकरा टिंबांच्या नकाशासकट. 'विश्राम का औचित्य: यहाँ माई बैठती थीं।'

उत्तर आलं नाही. स्मरणपत्रं धाडली. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, साहेब बदलले, कचेऱ्या बदलल्या. गेल्या महिन्यातही एक टाकलं. नातू म्हणतो, "आजी, अब छोड़ो ना." का सोडू? एका कागदावर अकरा लाल टिंबं लावायला इतकी वर्षं लागतात?

अंधेर आहे, अंधेर!