वासुदेवरावांचा चोक

देवळीत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या वासुदेवरावांनी त्या दिवशी एक साधा निर्णय घेतला. बैठकीतली ट्यूबलाइट बदलायची नाही, घरीच दुरुस्त करायची. बस, एवढंच. (माणसाचं वाटोळं बहुधा अशाच साध्या निर्णयांनी होतं. मोठ्या निर्णयाच्या वेळी तो निदान बायकोला विचारतो.)

बायकोनं, म्हणजे अन्नपूर्णाबाईंनी, न विचारताच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी तळेगावहून मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार होती. एकुलता एक भूपेंद्र सावंगीला एका दवाखान्यात चांगल्या नोकरीवर होता, पण बत्तिसावं गाठलं तरी लग्नाचं नाव नाही. आजवर आलेली स्थळं घर पाहून, चहा पिऊन, 'कळवतो' म्हणून गेली, ती अजून कळवूनच राहिली होती. भूपेंद्र तोंडानं काही बोलत नसे, पण कोणाच्या लग्नाची पत्रिका आली की जेवणावरून लवकर उठायचा. आईच्या जिवाला ते लागायचं. बापाच्याही लागायचं, पण बाप तेवढ्यात काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचा.

"आजच्या दिवस एक एलईडी आणून लावा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पोरीवाले आजकाल पोरगा मंग पाह्यतात, घर पयले पाह्यतात."

वासुदेवरावांना ते झोंबलं. "तांब्याचा चोक हाये त्या पट्टीत. एलईडीत काय रायते? हवा."

(ट्यूबमध्येही हवाच असते, फार तर वायू म्हणा. पण दुकानाच्या मालकाला हे सांगणार कोण?)

ट्यूब बरेच दिवस लागत-विझत होती. दोन्ही टोकं काजळ घातल्यासारखी काळी पडली होती, म्हणजे बिचारीचं वय झालं होतं. पण वासुदेवरावांचं निदान पक्कं होतं: स्टार्टर गेला. त्यांनी नवा बसवला, भर दुपारी बटन दाबलं आणि ट्यूब लख्ख लागली. मग त्यांनी दुपारभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गंज-पातेली दाखवता दाखवता चोकचं माहात्म्य सांगितलं.

दिवेलागणीला, भूपेंद्र दवाखान्यातून यायच्या आतच, पाहुणे आले. मुलीचे वडील किसनराव, आणि त्यांची आई, म्हणजे मुलीची आजी, कौशल्याबाई. मध्यस्थानं आधीच बजावलं होतं की किसनराव नुसते बसायला येतात, होकार आजीचा लागतो. आजीच्या हातात आलूपोह्यांची प्लेट गेली आणि वासुदेवरावांनी ऐटीत बटन दाबलं.

ट्यूब लागली. संध्याकाळचा दिवा लागला म्हणून आजीनं प्लेट मांडीवर ठेवली, डोळे मिटले, हात जोडले. डोळे उघडले तर ट्यूब विझलेली. आजीनं पोह्यांचा घास उचलला, तर ट्यूब लागली. पुन्हा प्लेट खाली, पुन्हा हात. जुन्या वळणाची बाई, लागलेल्या दिव्याला तशी कशी सोडणार? दुसरीकडे संध्याकाळचं होल्टेज डाऊन, त्यात थकलेली ट्यूब, आणि नवा स्टार्टर मोठा उत्साही. तो तिला उठवत राहिला, ती आडवी होत राहिली, आणि आजी हात जोडत राहिली. पोहे निवले. किसनराव छताकडे पाहू लागले.

अन्नपूर्णाबाईंनी आतून मेणबत्ती आणली, पण वासुदेवरावांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि ते स्टुलावर चढले.

"आजी, सोपं हाये," त्यांनी वरून सुरुवात केली. स्टार्टरमधली पत्ती तापली की चिकटते, मग ट्यूबची दोन्ही टोकं तापतात. पत्ती थंड होऊन सुटली की चोक एक जोराचा झटका देतो आणि उजेड पडतो. "एकदा का ट्यूब लागली, की स्टार्टरचं काम संपलं. मध्यस्थासारखं समजा. लगन जमलं की त्यानं घरी जावं."

आणि ट्यूब लागल्याचा क्षण गाठून त्यांनी स्टार्टर खरंच उपसून काढला. ट्यूब लागलेलीच राहिली. किसनरावांनी 'वा' म्हटलं. आजीनं शेवटचे म्हणून हात जोडले आणि घास तोंडात घातला. वासुदेवराव स्टुलावरून असे उतरले, की जणू मांडवातच उतरले.

तेवढ्यात कुठंतरी कोणाची तरी पाण्याची मोटार चालू झाली, होल्टेज आणखी पडलं आणि ट्यूब पूर्ण विझली. वासुदेवराव पुन्हा चढले, घाईत खिशात हात गेला, आणि नव्याऐवजी दुपारी काढलेला जुना स्टार्टर हाती लागला, तोच त्यांनी बसवला. त्याची पत्ती चिकटली ती सुटेचना, टोकं नुसती लाल झाली. मध्ये अंधार. वासुदेवराव म्हणाले, तापून राह्यली, थांबा. सगळे थांबले. चहा आला, संपला. चोक गुणगुणू लागला, मग तापला, मग पट्टीतून धूर निघाला आणि बैठकीत जळक्या वासानं बसवेना. अन्नपूर्णाबाईंनी पदर नाकाला लावून बटन बंद केलं आणि मेणबत्ती पेटवली.

आजीनं मेणबत्तीला हात जोडले.

वासुदेवरावांना आता स्टुलावर चढवेना की खाली बसवेना. पोराचं आणखी एक स्थळ आपण स्वतःच्या हातानं जाळलं, हे त्यांना त्या वासासकट कळलं होतं.

बराच वेळ कौशल्याबाई अन्नपूर्णाबाईंकडे पाहत होत्या. ना आदळआपट, ना नवऱ्याला चारचौघांत एक शब्द. बाई शांतपणे थंड पोहे परत गरम करायला नेत होती.

"सासू चांगली हाये," आजी अखेर म्हणाली. "आमची पोरगी सुखात राहीन." मग मान वळवून तिनं वासुदेवरावांना विचारलं, "आता एकच खरं सांगा भाऊ. पोरगा कोणावर गेला?"

भूपेंद्रचं नाक, चाल, डोकं, सगळं आपल्यावर गेलंय, हे वासुदेवराव बारशापासून अख्ख्या देवळीला ऐकवत आले होते. त्यांनी एकदा धुरकटलेल्या पट्टीकडे पाहिलं.

"आईवर," ते म्हणाले. "पुरा आईवर गेला, आजी. माह्यं काईच नाई घेतलं त्यानं."

"मंग तारीख काढा," आजी म्हणाली.