शेमसकाकांचं एकोणिसावं शेत

अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या सबडिव्हिजनमागे, म्हणजे घरांच्या वसाहतीमागे, पावसाचं पाणी जायला एक नाला आहे. त्याला 'हडळीचं अंथरूण' म्हणणारा माणूस जगात एकच, आमचे शेजारी शेमसकाका.

काका आयर्लंडचे. उभा जन्म इथल्या गाड्यांच्या कारखान्यात काढून रिटायर झालेले. गावी त्यांच्या घरापासून नदीपर्यंत एकोणीस शेतं आणि प्रत्येकाला नाव. ती नावं आयरिशमध्ये पाट्यांवर रंगवून ते इथे एकेक ठोकत सुटलेत. अर्थ विचारला तर इंग्रजीत सांगतात, मराठी माझं. मेलबॉक्सपाशी 'घोड्यांचं शेत', वळणावर 'लंगड्या पाद्र्याचं वावर'. आमच्या पाहुण्यांनाही ते रस्ता असाच सांगतात. माझा नागपूरचा मित्र फोनवर वैतागला, "यार, जीपीएसमध्ये घोडे कुठायत?"

कोपऱ्यातल्या काटेरी झुडपाला गवत कापणाऱ्यांनी हात लावायचा नाही. "त्यात 'ते' राहतात," काका म्हणाले.

"म्हणजे मुंजा," मी म्हटलं. तेव्हापासून मी त्यांना घरचा वाटतो.

शेवटी वसाहतीच्या घरमालक असोसिएशनची नोटीस आली: पाट्या काढा, घरांना नंबर आहेत. काका कोट चढवून मीटिंगला गेले, मला साक्षीदार म्हणून ओढत.

"नंबर गुरांच्या कानाला असतो! जागेला नाव असतं! अठरा लावल्या, एक बाकी आहे. तीही लावणार!"

"तिचं नाव काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काका बोटांवर मोजत अठरापर्यंत आले आणि तिथेच अडकले. नाव आठवेना.

परतताना गाडीत म्हणाले, "दर रविवारी बहिणीला फोन करायचो. दोघं मिळून एकोणीसही नावं म्हणायचो. ती मार्चमध्ये गेली. गावच्या शेतांवर आता नुसती पाइनची झाडं लावलीत, कसणारं कोणी उरलं नाही. विचारू कोणाला?" मग माझ्याकडे वळले. "तुला कधी सांगितलं होतं का रे?"

सांगितलं असणार. कुंपणापाशी दहादा सांगितलं असणार. मी फोन बघत "हो हो" केलं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शनिवारी सकाळी ठोकाठोक ऐकू आली. काका एकोणिसावी पाटी लावत होते. पाटी कोरी.

"पाठवू देत नोटीस," ते गुरगुरले. "नाव विसरलं म्हणून शेत नव्हतंच असं होत नाही."

मी खुंटा धरला. "काका, उरलेली अठरा मला पाठ करायचीत. पहिलं सांगा."

"आधी खुंटा सरळ धर," काका म्हणाले, आणि हातोडा गवतावर ठेवून पहिलं नाव सांगायला लागले.