टाकीचं जलपूजन

एका जंगलात, बाळांनो, एक कम्युनिटी कॉलेज होतं. ज्यांना मोठ्या कॉलेजाच्या पायरीवरही कुणी उभं करत नाही, त्यांना पोटापुरतं काम शिकवणारं. तिथे एक 'उपयोजित मत्स्यसंशोधन विभाग' होता. उपयोजित म्हणजे काय? ज्याचा कुणाला तरी उपयोग होतो, ते. कुणाला, ते कळेलच. चुळबुळ करू नका, ऐका.

या विभागात पाणमांजर सर शिकवत. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर दाणापाणी, नाही तर हवा खा. कितीतरी वर्षं त्यांचा एकच जप चालू होता. मी कायम कधी होणार?

पण सर हुशार, हं! नदी आटली होती, मासे संपले होते. सरांनी सिमेंटच्या टाकीत रोहूची बोटुकली वाढवली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. त्यांना हवा मिळावी म्हणून टाकीवर एक पंप सारखा घरघरत असे. ही बोटुकली विद्यार्थ्यांना वाटायची आणि त्यांनी ती आपापल्या घरच्या हौदात वाढवायची, असं ठरलं होतं. खंड्या पक्षी तर रोज बादली घेऊनच वर्गात येई. त्याची पिल्लं घरी उपाशी होती.

"सर, कधी देणार?"

"सोमवारी ये," सर म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

आणि रविवारी तरससाहेब आले.

तरससाहेब म्हणजे राजेसाहेबांचे सख्खे मेहुणे. तळं भरलं की दरवर्षी त्यांच्या हस्ते जलपूजन व्हायचं. यंदा तळ्यात चिखलसुद्धा उरला नव्हता. पण हार आले होते, नारळ आला होता, फोटो काढणारं माकड आलं होतं. आता काय जलपूजन रद्द करायचं? भलतंच!

प्राचार्य गवा लगबगीने पुढे झाले. "साहेब, आमच्या कॉलेजात एक टाकी काठोकाठ भरलेली आहे."

झालं! सगळी वरात टाकीवर. हळद पडली, कुंकू पडलं. खणानारळाने पाण्याची ओटी भरली. मग दुधाच्या घागरी आल्या. एक साहेबांची, एक बाईसाहेबांची, एक साहेबांच्या साडूची. साडूला नाही म्हणून कसं चालेल?

 सर पुढे झाले. "साहेब, दुधाने पाणी..."

प्राचार्यांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "पाणमांजर, कायम व्हायचंय ना?"

सरांनी वाक्य गिळलं. पुढची घागर त्यांनीच अदबीने साहेबांच्या हातात दिली.

साहेब भाषणाला उभे राहिले आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "ही कसली घरघर?" पंप बंद करा, असं कुणी सांगितलंही नव्हतं. सरांनी स्वतःच्या पंजाने बंद केला.

भाषण लांबलं. बोटुकली भराभरा वर आली आणि पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासू लागली. साहेब गहिवरले. "बघा, बघा! मासे दर्शनाला वर आले!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माकडाने फोटो काढला.

खंड्या कळवळून सरांपाशी आला. "सर, मासा असा वर आला की त्याचा जीव गुदमरत असतो, असं तुम्हीच शिकवलंत ना? पंप लावा हो! माझी पिल्लं काय खातील?"

"तो धडा परीक्षेला नाही," सर म्हणाले. आणि तेही टाळ्या वाजवू लागले. शी! आपल्या हाताने वाढवलेली पोरं समोर मरतायत आणि हा टाळ्या पिटतोय!

संध्याकाळी सगळी बोटुकली पोट वर करून तरंगत होती. "समाधी लागली," प्राचार्य म्हणाले.

सोमवारी सर कायम झाले. आता टाकीत नुसतं पाणी भरतात. दरवर्षी पूजेला माशांची अडचण नको. दारावरची पाटी मात्र तीच आहे, 'उपयोजित मत्स्यसंशोधन विभाग'.

त्या सोमवारी खंड्याही आला होता, बादली घेऊन. सरांनी बादलीत खोबऱ्याचा एक तुकडा टाकला.

"प्रसाद आहे," ते म्हणाले. "नाही म्हणू नये."

तात्पर्य : पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं शहाणे सांगतात. ते शहाणे अजून तासिका तत्त्वावरच आहेत. तुम्ही खुशाल वैर करा. मासा काही कुणाला कायम करत नाही.