वळणावर तापणारी मोटार

क्लिफर्ड मेटकाफची जुनी हिरवी मोटार दर रविवारी एकाच जागी तापायची. गावाबाहेरचा चढ, चढाच्या मध्यावर वळण आणि वळणावर ऑल्डरसनबाईंचं फाटक. तिथे आलं की बॉनेटमधून वाफ निघायची. क्लिफर्ड उतरायचा, टोपी काढायचा आणि ऑल्डरसनबाई पाण्याचा डबा घेऊन बाहेर यायच्या. मग गाडी गार होईपर्यंत चहा आणि आल्याचा केक. अकरा वर्षं हा नेम चालला होता. तेवढीच वर्षं चढाच्या माथ्यावरच्या चॅपलमधल्या प्रार्थनेचं पहिलं गीत ऑर्गनशिवाय होत होतं, कारण ऑर्गन वाजवणारी ऑलिव्ह, म्हणजे क्लिफर्डची बायको, त्या वेळी वळणावर केक खात असायची.

शेवटी चॅपलच्या मंडळींनी फार सभ्य शब्दांत ऑलिव्हला विचारलं, की टेपरेकॉर्डर आणला तर तिला वाईट वाटेल का. छे, मुळीच नाही, असं ती हसून म्हणाली आणि घरी येऊन तिने हॅट टेबलावर आपटली.

"तीस वर्षं वाजवतेय मी. आता माझ्या जागी एक डबडं बसणार."

"बघतो मी गाडीचं," क्लिफर्ड म्हणाला.

घरून जरा लवकर निघावं, हा उपाय दोघांनाही सुचला नाही. फुकटचा होता म्हणून असेल.

जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस नॉर्मन याने बॉनेट उघडलं न उघडलं तोच निकाल दिला.

"इंजिन लहान आहे. दीडपट मोठं टाकू."

"मावेल?"

"न मावायला काय झालं?"

कुठलं टाकायचं यावर मंडळात दोन तट पडले. एकाला व्हॅनचं हवं, दुसऱ्याला शर्यतीच्या गाडीचं. भांडण मिटेना, तेव्हा नॉर्मनच्या शेडमध्ये जे पडलं होतं तेच उत्तम ठरलं. ते मावलंही, पण त्याला मोठा रेडिएटर लागला. रेडिएटरने बॅटरीची जागा खाल्ली, म्हणून बॅटरी डिकीत गेली आणि डिकीतलं सुटं चाक मागच्या सीटवर येऊन बसलं. जोर वाढला म्हणून ब्रेक बदलले. हीटर तर कुठेच बसेना, तेव्हा नॉर्मनने तो काढून क्लिफर्डच्या हातात ठेवला. सहा माणसं तीन शनिवार राबली, आणि कुणी साधा बोल्टही विकत आणू दिला नाही. आभार कसे मानावेत ते क्लिफर्डला सुचेना, म्हणून तो नुसता चहा करत राहिला.

रविवारी नेहमीच्या वेळी दोघं निघाले. गाडी चढाला अशी भिडली की ऑलिव्हने दोन्ही हातांनी हॅट धरली. वळण आलं आणि गेलं. आरशात क्लिफर्डला फाटकात उभ्या ऑल्डरसनबाई दिसल्या. एका हातात डबा होता, दुसरा हात त्यांनी वर केला होता.

चॅपलला कुलूप होतं. किल्लीवाले यायला चाळीस मिनिटं होती. नोव्हेंबरचा वारा गाडीच्या दारांच्या फटींतून आत येत होता आणि हीटर घरी कपाटावर पडला होता. ऑलिव्हची बोटं आखडली.

"एव्हाना चहा झाला असता," ती म्हणाली.

"हं."

"त्यांनी हात केला होता. बघितलंस?"

"बघितलं."

"अकरा वर्षं पाणी दिलं रे त्या बाईने. आता थांबणार नाही, एवढं सांगायलासुद्धा गेलो नाही आपण."

क्लिफर्डने गाडी वळवली.

फाटकाशी थांबून त्याने बॉनेट उघडलं आणि टोपी काढली. "तापली," तो म्हणाला.

ऑल्डरसनबाईंनी आधी गाडीच्या तोंडाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "उतारावर?"

"इंजिन नवीन आहे. अजून सवय नाही त्याला."

बाईंनी बाही वर सारली आणि रेडिएटरवर तळहात टेकवला. रेडिएटर कोमट होता. त्यांनी झाकण फिरवून काढलं, उलटं करून पाहिलं आणि त्या हसायला लागल्या.

"इंजिन बदललंत, रेडिएटर बदललात, आणि झाकण जुनंच?"

"चांगलं होतं, म्हणून ठेवलं."

"चांगलं? आतलं रबर गेलंय याचं. दाबच धरत नाही, मग पाणी उकळेल नाहीतर काय होईल? युद्धात लष्कराचे ट्रक दुरुस्त केलेत मी. तुम्ही पहिल्यांदा थांबलात ना, त्याच दिवशी कळलं होतं मला."

क्लिफर्डने झाकण हातात घेऊन पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, मागच्या सीटवरच्या चाकाकडे पाहिलं.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर थांबला असतात?" असं म्हणून बाई किटली आणायला आत गेल्या.

क्लिफर्डला राग यायला हवा होता. तो यावा म्हणून त्याने हीटरची आठवणही काढून पाहिली, पण राग काही आला नाही. दर रविवारी कुणीतरी आपली वाट बघत होतं आणि आपण त्याला गाडीचा बिघाड समजत होतो. ऑलिव्हने त्याच्या हातातलं झाकण घेतलं आणि होतं तसं परत बसवलं.

"हे बदलायचं नाही," ती म्हणाली.

चहा झाला, केक झाला, आणि उरलेला चढ गाडीने चार मिनिटांत संपवला. पहिल्या गीताला गरम बोटांनी वाजवलेला ऑर्गन ऐकून मंडळी इतकी दचकली की गायलाच विसरली. टेपरेकॉर्डरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

नॉर्मनला मात्र क्लिफर्ड अजून दर भेटीत धन्यवाद देतो. त्या इंजिनामुळे चहा आणि पहिलं गीत दोन्ही साधतं. वळण आलं की तो स्वतःच इंजिन बंद करतो, उतरतो आणि टोपी काढतो. ऑल्डरसनबाई डबा घेऊन बाहेर येतात.

"आज फार तापलीय का?"

"फार," क्लिफर्ड म्हणतो.

डबा रिकामा असतो. तिकडे कुणी बघत नाही.