फ्रिजवरची चार अक्षरं

एक शब्द, फक्त एक, आणि तोही इंग्रजी, आज शोधून काढायचाच असं मी त्या सकाळी ठरवलं. माणसानं सकाळी उठून काही ठरवू नये. (आमच्या पाणीपुरवठा खात्यात कोणीच काही ठरवत नाही, म्हणून तिथे सगळं सुरळीत चालतं.)

त्याचं झालं असं, की आजारपणानंतर हवापालट म्हणून सासरे आमच्याकडे राहायला आले होते. ते इंग्रजीचे निवृत्त मास्तर. डॉक्टरांनी त्यांना डोकं शांत ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आमची डोकी तापवायला घेतली. येताना त्यांनी लोहचुंबक लावलेल्या प्लास्टिकच्या इंग्रजी अक्षरांचा डबा आणला होता. रोज सकाळी ते त्यातली तीन-चार अक्षरं फ्रिजच्या दारावर लावायचे. ती सगळी ज्यात येतात असा शब्द आम्ही रात्रीच्या जेवणापर्यंत शोधायचा. बाकीची अक्षरं कितीही चालतील, पण शब्द जितका लांब तितकं कौतुक मोठं.

एकदा जी, टी आणि एन आली. मी छाती पुढे काढून 'नाइट' म्हणालो. सासरे 'हं' म्हणाले. बायको भात वाढता वाढता 'इन्व्हेस्टिगेशन' म्हणाली. सासरे 'शाबास' म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. लग्न ठरवताना मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ते 'हं'च म्हणाले होते.

त्या खेळानं मात्र मला झपाटलं. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, लिफ्टमधल्या सूचना, जिथे इंग्रजी दिसेल तिथे मी कोणतं अक्षर कुठे दडून बसलंय ते पाहायला लागलो. रोजच्या वापरातल्या शब्दाच्या पोटात काय काय असतं ते बघून मला खरंच नवल वाटायचं. पण नवलानं पोट भरत नाही. मला ते 'शाबास' हवं होतं, आणि सासरे दुसऱ्या दिवशी परत जाणार होते.

निरोपाच्या जेवणाची तयारी बायकोनं आदल्या संध्याकाळीच करून ठेवली होती. सासऱ्यांच्या आवडीचं कस्टर्ड, आइसक्रीम, आणखी बरंच काही फ्रिजमध्ये होतं. सकाळी ती त्यांना घेऊन शेवटच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे निघाली. तिथून खरेदी करून दुपारनंतर येणार होती. निघताना ती फ्रिजबद्दल काहीतरी म्हणाली. मी 'हं' म्हणालो. (इतक्या दिवसांत सासऱ्यांकडून मी एवढंच शिकलो होतो.)

दोघं गेल्यावर मी फ्रिजपाशी गेलो. डब्ल्यू, के, एच, पी. आज अक्षरं नेहमीसारखी दाराच्या मध्यावर नव्हती. दाराच्या कडेला, निम्मी दारावर आणि निम्मी फ्रिजच्या अंगावर, अशी एकाखाली एक लावली होती. शेवटच्या दिवशी मास्तरांनी पेपर अवघड काढलाय, एवढाच अर्थ मी लावला.

मला वस्तू हातात घेतल्याशिवाय विचार सुचत नाही. अर्जसुद्धा मी आधी चाचपतो, मग वाचतो. तेव्हा चारही अक्षरं काढून खिशात टाकली आणि ऑफिसला निघालो. मागे काहीतरी करकरलं. आमचा फ्रिज अधूनमधून बोलतो, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

ऑफिसात मी ती अक्षरं टेबलामागच्या लोखंडी कपाटावर लावली, आणि पाहता पाहता कामकाज थांबलं. आवक-जावकवाले उठून आले. खिडकीवर नळजोडणीसाठी उभ्या असलेल्या गृहस्थांनी 'वर्कशॉप' सुचवला आणि आपला अर्ज विसरून आत येऊन बसले. टायपिस्ट बाईंनी टंकायचं सोडून 'शिपरेक' काढला, त्यात डब्ल्यू कसा मुका बसलेला असतो ते समजावून सांगितलं, आणि आम्ही सगळे त्या मुक्या डब्ल्यूकडे आदरानं पाहत राहिलो. शेवटी गोंगाट ऐकून साहेब बाहेर आले. आता मेमो मिळणार म्हणून मी उभा राहिलो. साहेबांनी चष्मा वर सरकवला, कपाटाकडे पाहिलं आणि परत आत गेले. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"वर्कमनशिप," ते हळूच म्हणाले. "यापेक्षा लांब मिळाला तर मला सांगा."

लांब कोणालाच मिळाला नाही. संध्याकाळी मी जिना दोन-दोन पायऱ्या चढत आलो. दार उघडंच होतं. बूटही न काढता मी उंबऱ्यातून जाहीर केलं, "बाबा, वर्कमनशिप."

बोलल्यावर मला पायाखालचं पाणी जाणवलं. स्वयंपाकघरापासून ओघळ थेट बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता. (आमच्या खात्यात इतका अखंड पुरवठा मी कधी पाहिला नाही.) सासरे पाय वर घेऊन खुर्चीत बसले होते. बायको फडकं पिळत होती. फ्रिजपुढे एक मेकॅनिक गुडघे टेकून दाराचं नवं रबर बसवत होता, आणि ओट्यावर जे पिवळं ओघळत होतं ते बहुधा कस्टर्ड होतं.

"कशाचा शब्द?" सासऱ्यांनी विचारलं. "आज मी अक्षरं लावलीच नव्हती. माझा डबा कालच बॅगेत भरून झालाय, चार अक्षरं सोडून."

मी ती चार अक्षरं खिशातून काढली. बायकोनं आधी अक्षरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाराचं रबर गेलंय, दार लागत नाही, म्हणून मी ती लावली होती. हात लावू नका म्हणून सांगितलं, तर तुम्ही हं म्हणालात."

मी अक्षरं परत खिशात टाकली. सासऱ्यांचं निरोपाचं जेवण माझ्यामुळे जमिनीवर वाहत होतं आणि मला मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात मेकॅनिकनं दार लोटलं. ते अलगद, मऊ आवाज करत बंद झालं. सासरे खुर्चीतून उठले, पाण्यातून चालत फ्रिजपाशी गेले, दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि कडेवरून बोट फिरवलं.

"याला म्हणतात वर्कमनशिप," ते म्हणाले, आणि त्यांनी मेकॅनिकच्या पाठीवर थाप मारली. "शाबास."

मग ते माझ्याकडे वळले. मी पाठ जराशी पुढे केली.

"हं," म्हणाले, आणि बायकोच्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी माझ्या हातात दिलं.