पियुषची हलकी पट्टी

"माह्या पट्टीएवढी हलकी पट्टी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोनी बनवली नाही!" असं पियुष छाती फुगवून सांगायचा. ते खोटं म्हणता येणार नाही. जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला तशी पट्टी बनवायची बुद्धीच झाली नव्हती!

ही पट्टी म्हणजे कॉम्प्युटरमधली. काळ्याकुट्ट टर्मिनलमध्ये चालणारा एक एडिटर असतो. त्यात माउस नाही, चित्रं नाहीत, तरी प्रोग्राम लिहिणारी मंडळी त्याच्यावर जीव टाकतात. त्याच्या तळाला एक स्टेटस बार असतो. कोणती फाइल उघडी आहे, आपण कितव्या ओळीवर आहोत, लिहिलेलं जतन झालं की नाही, हे तो सांगतो. पियुषने त्या पट्टीचंच प्लगइन, म्हणजे एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहिलं होतं. इतरांची प्लगइनं सारखी इकडेतिकडे डोकावून लॅपटॉपला धाप लावतात. पियुषचं मात्र कीबोर्डचं कुठलं तरी बटण दाबलं तरच जागं व्हायचं. नाही दाबलं, तर शेवटचं जे दिसलं तेच दाखवत पडून राहायचं. याचाच त्याला केवढा अभिमान!

दिग्रसजवळच्या त्यांच्या गावात हे कौतुक कोणाला? "दिवसभर काया पडद्याकडे पायते," असं वामनराव, म्हणजे त्याचे वडील, चारचौघांत सांगत. मग एकदा पियुषने पट्टीत एक ठिपका वाढवला. वावरातल्या, म्हणजे शेतातल्या, मोटरच्या डब्यात सिमकार्ड होतं. करंट आला किंवा गेला की डबा पियुषच्या फोनला कळवायचा आणि फोनवरून ते पट्टीत यायचं. करंट असला की हिरवा ठिपका, नसला की लाल. झालं! हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, करंटचा काही भरवसा नाही. वामनरावांच्या लेखी पोरगा रातोरात शास्त्रज्ञ झाला. डब्यावरचा दिवा फुटला होता, तोसुद्धा त्यांनी बदलला नाही. "पियुष असताना दिवा कायले पायजे?"

विचारायची पद्धत घरात जुनीच होती. वामनराव वावरातून फोन लावत. करंट आला असेल तर पियुषने फोन कापायचा, नसेल तर वाजू द्यायचा. उचलायचा कोणीच नाही! बोलणं फुकट झालं तरी ही शिस्त मोडली नाही. या घरात फोन उचलणं हे उधळपट्टीचं लक्षण होतं.

आणि अशात पुण्याच्या एका कंपनीने प्लगइन पाहून पियुषला मुलाखतीला बोलावलं. तीही घरबसल्या, व्हिडिओवर! नोकरी लागली तर प्रश्न मिटला. नाही लागली तर वामनरावांनी दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या उतरवून घ्यायचं काम आधीच बोलून ठेवलं होतं. पियुषला कापसाच्या धुळीने अशा शिंका यायच्या की डोळे उघडायलाही फुरसत मिळायची नाही.

दुपारी तो आरशासमोर तिसऱ्यांदा भांग पाडत होता तेव्हा लॅपटॉप उघडाच होता. वावरातला करंट मघाशीच गेला होता. पण बटण कोणी दाबलं? कोणीच नाही! पट्टी आपली सकाळचा हिरवा ठिपका दाखवत पडून होती. विमलताई, म्हणजे त्याची आई, देवाचा अंगारा लावायला आत आल्या आणि त्यांची नजर पडद्यावर गेली.

"अवो, ऐकलं का! हिरवं हाय!" त्यांनी बाहेरच्या ओट्याकडे तोंड करून आवाज दिला. वामनरावांनी खांद्यावर दुपट्टा टाकला, धुऱ्याशेजारच्या, म्हणजे बांधाला लागून वावर असलेल्या, देवसिंगला हाक मारली, आणि दोघं वावराकडे निघाले.

इकडे पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या प्रेरणा मॅडम आल्या. चष्मा, गंभीर चेहरा. पियुषने एडिटरचा पडदा त्यांना दिसेल असा शेअर केला. "नमस्कार. तुमचं प्लगइन हलकं आहे म्हणता, म्हणजे नेमकं काय?"

पियुषने तोंड उघडलं आणि फोन वाजला. बाबा! लॅपटॉपला नेट त्याच फोनवरून होतं आणि फोन वाजत राहिला की नेट मान टाकायचं. पियुषने झटकन फोन कापला. परत वाजला. परत कापला. "सॉरी मॅडम, सिमकार्डच्या कंपनीवाले असतात," तो हसून म्हणाला.

तिकडे वावरात काय चाललं होतं हे त्याला नंतर कळलं, तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकतो. वामनरावांनी मोटरचं बटण दाबलं तर मोटर मुकी! म्हणून त्यांनी फोन लावला, तर पोराने कापला. म्हणजे करंट आहे. खात्रीला पुन्हा लावला, पुन्हा कापला. "दोनदा कापला! करंट हाय, मोटरच बिघडली!" म्हणून त्यांनी मोटरवाल्या जमीरला बोलावणं धाडलं. जमीरने टेस्टर लावला. "चाचा, लाइनच नाही हाय."

"पट्टी खोटं बोलत नाही. तुहा टेस्टर म्हातारा झाला."

"वामनभाऊ, पट्टी मोठी का टेस्टर मोठा?" देवसिंगने विचारलं.

"पट्टी!"

जमीरचा विश्वास टेस्टरवर. लाइन नाही तर भीती कसली? चाचांचं समाधान करावं म्हणून त्याने डबा खोलला आणि आतल्या तारा चाचपायला सुरुवात केली.

एवढ्यात वावरातून धावत आलेल्या एका पोराचं ऐकून विमलताई दाराशी येऊन कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने कुजबुजल्या, "पियुष, बाप्पा, मोटर बिघडली म्हन्ते. जमीरनं डब्यात हात घातला."

पियुषने घाबरून एक बटण दाबलं. ठिपका लाल! अरे, म्हणजे मघाचा हिरवा शिळाच होता! बाबांना आपणच फसवलं. पण करंट नाही म्हणजे जमीरला धोका नाही.

"रंग कसा बदलला?" मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "अजून काही टाइप करून दाखवा."

पियुषने एक अक्षर दाबलं. ठिपका हिरवा झाला.

करंट आला होता. खराखुरा! आणि जमीरचा हात डब्यात!

"एक मिनिट, मॅडम!" म्हणत त्याने बाबांना फोन लावला. वामनरावांनी नाव पाहिलं आणि शिस्तीत कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. "समजलं बे, समजलं!" असं ते वर देवसिंगला म्हणाले म्हणे. पियुषला रडू यायचं बाकी होतं. फोन कापायची ही अक्कल कोणत्या पूर्वजाने काढली असेल! त्याने जमीरचा नंबर लावला. एक रिंग. दुसरी रिंग.

जमीर त्या घरातला नव्हता. फोन वाजला की उचलायचा, एवढंच त्याला माहीत. खिशातला फोन काढायला त्याने डब्यातून हात काढला.

"जमीरभाई, हात काढ!" पियुष असा ओरडला की विमलताईंच्या हातातली अंगाऱ्याची वाटी सांडली. "करंट आला!"

"काढला ना भाऊ, तुह्याच फोनसाठी. काहून बोंबलून राह्यला?" जमीर म्हणाला, आणि मागे वामनरावांनी बटण दाबताच धडधड करत मोटर सुरू झाली. मग मात्र तो चार पावलं मागे सरकला.

पियुष खुर्चीत कोसळला. समोर प्रेरणा मॅडम हाताची घडी घालून बसल्या होत्या. एवढे फोन झाले तरी नेमकं आज नेट एकदाही तुटलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुमचं प्लगइन फार हलकं आहे," त्या म्हणाल्या. "खरं बोलायचंही ओझं घेत नाही."

दोन दिवस गेले. जिनातल्या कामाच्या विचारानेच त्याला घरबसल्या शिंका सुरू झाल्या. मग मेल आली. प्रोग्राम लिहिण्याच्या जागेसाठी कंपनीने त्याला नाकारलं होतं. पण समोरच्या माणसाला काहीही करून गाठायची त्याची तळमळ मॅडमना भावली होती. म्हणून ग्राहकसेवा विभागात त्याची निवड झाली होती! काम घरूनच, आणि एकच: आलेला प्रत्येक फोन उचलणे.

विमलताईंनी देवापुढे साखर ठेवली. पियुषने आनंदाने बाबांच्या पायाला हात लावला. वामनराव मात्र दुपट्ट्याने तोंड पुसत पडल्या आवाजात म्हणाले,

"आपल्या खानदानात आजवर कोनी फोन उचलला नाही, पियुष. अन् तू पोटासाठी उचलशीन?"