अकरा मिनिटांवरचं हॉटेल

हसकेलकाका हॉटेलवाल्याला भाडं विचारत नाहीत, जेवण विचारत नाहीत, गरम पाणीही विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न कुलपाचा.

"दरवाजे को ताला कौनसा हाय? लोहे का, के कार्ड का?"

दिल्लीतल्या ज्या ज्या मॅनेजरच्या कानावर हा प्रश्न गेला, त्याला संशय आला. एकाने विचारलं, पोलीस आहात का. दुसरा म्हणाला, "अंकल, इरादा क्या है?" आणि फोन ठेवून दिला.

काकांनी माझा मोबाईल मला परत दिला. "लिहून घ्या, ह्याच्याकडं कार्डच असणार. लोखंडी कुलूपवाला माणूस असा चिडत नाय."

काका रोह्यात आमच्या शेजारी राहतात. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते वायरमन होते. मी तिथेच अजून अकाउंट्समध्ये आहे. त्यांचे आजोबा गडब गावात तेलाचा घाणा चालवत. घाणा शनिवारी बंद, म्हणून गाव ह्या ज्यू कुटुंबांना 'शनिवार तेली' म्हणे. पुढे घाणा गेला, एकेक करून माणसं इस्रायलला गेली, काका राहिले. का राहिलात, असं विचारलं तर म्हणतात, "कोणीतरी मेन स्विचपाशी नको का?"

ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो, आणि तो संपेपर्यंत काका विजेचं बटण दाबत नाहीत. "जन्मभर बटणं दाबायचाच पगार घेतला. सुट्टी म्हणजे बटण नाय." पण क्रिकेटची मॅच असली की आमच्याकडे येतात, खुर्चीत बसतात आणि बंद टीव्हीकडे अशा सोशिकपणे बघत राहतात, की माझी बायको मुकाट्याने रिमोट उचलते. आवाज वाढवायचा असेल तर ते कानामागे हात धरतात. रात्री त्यांच्या घरात दिवा दिसतो. विचारलं तर, "तो शुक्रवारपासून चालू हाय." त्यांचं वीजबिल ऑनलाइन मीच भरतो. बिलाला हे मान्य नाही. पण मी बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, रिबकाताईंचा, इस्रायलहून फोन आला. त्या तिकडच्या मंडळींबरोबर सहलीला येणार होत्या: दिल्ली, आग्रा, जयपूर. कोकण नाही. रोज बसने फिरणं. फक्त दिल्लीतल्या शनिवारी सगळा ग्रुप हॉटेलात थांबणार, कारण ती मंडळी शनिवार कडक पाळणारी. भावाबहिणीची अठ्ठावीस वर्षांत भेट नव्हती, आणि भेटायला मिळणार होता तो एवढा एकच दिवस.

ताईंच्या हॉटेलात जागा शिल्लक नव्हती. म्हणून काकांना दुसरं हॉटेल हवं होतं, आणि त्याला तीन अटी होत्या. कुलूप लोखंडी, कारण कार्ड म्हणजे वीज. खोली तळमजल्यावर, कारण लिफ्ट म्हणजे बटण. आणि ताईंच्या हॉटेलपर्यंत चालत जाता आलं पाहिजे, कारण शनिवारी वाहनात बसायचं नाही.

"काका, एवढं कडक तुम्ही कधीपासून?"

"मी तायला फोनवर सांगत आलोय, सगळं बाबांसारखं पाळतो म्हणून. आता ती समोर विचारणार. तिच्या तोंडावर मला खोटं बोलता येत नाय. लहानपणापासून नाय."

हॉटेल निवडण्याचं काम अर्थातच मी घेतलं. ऑफिसात मला 'दशांश' म्हणतात, आणि मी ते कौतुक समजतो. मी एकवीस हॉटेलं घेतली, लोकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी काढली, त्यातून फार गोड लिहिणारे वगळले आणि फार कडू लिहिणारेही वगळले. स्वच्छतेला जास्त गुण, नाश्त्याला कमी. फोन मात्र काकाच करत.

"हम रोहा से बोलता."

"कहाँ से?"

"रोहा. पेण के आगे."

"पेण?"

"अरे, गणपती का पेण." मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे, "ह्याला पेण ठाऊक नाय. ह्याच्याकडं काय राहायचं?"

अशाने सरासरीत पहिली आलेली चार हॉटेलं गेली. शेवटी एक जुनं हॉटेल सापडलं. पितळी किल्ली, तळमजला, आणि मालकाच्या सासूने कधीतरी पेणचे पापड खाल्लेले. मी ताईंच्या हॉटेलपर्यंतचं अंतर मोबाईलवर लावलं. अकरा मिनिटं. दोनदा तपासलं, कारण एकदा तपासलेला आकडा मी आकडा मानत नाही. दोन्ही वेळा अकरा.

"चालत?" काकांनी विचारलं.

"अकरा मिनिटं," मी म्हणालो. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून मी रजा टाकली. जाण्याआधी काका पेणला जाऊन ताईंसाठी पोहे आणि पापड घेऊन आले. पनवेलहून गाडी वेळेवर सुटली आणि दिल्लीला तीन तास उशिरा पोचली. हॉटेलच्या पायऱ्या चढलो तेव्हा शुक्रवारचा सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला होता. किल्ली पितळीच होती. काकांनी ती हातात तोलून बघितली आणि माझी पाठ थोपटली. "हिशेबनीस, मानलं तुम्हाला."

मी काउंटरवर विचारलं, सकाळी त्या दुसऱ्या हॉटेलपर्यंत पायी कसं जायचं.

"पैदल?" पोरगं हसलं. "ऑटो लीजिए अंकल, छह किलोमीटर है."

मी मोबाईल काढला. अकरा मिनिटं तिथेच होती. त्यांच्या शेजारी, मुंगीएवढं, मोटरसायकलचं चित्र होतं. रोहा ते धाटाव मी रोज मोटरसायकलने जातो. माझा मोबाईल बिचारा तेवढंच जाणतो. मी अंतर दोनदा तपासलं होतं. ते चित्र एकदाही नाही.

काकांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "सहा किलोमीटर म्हणजे आपल्याकडं रोहा ते धाटावपेक्षा जास्तच."

"आत्ता रिक्षा करून तिकडे जाऊ. जवळपास दुसरी खोली बघू."

"दिवस बुडाला. आता नाय."

"काका, तुम्ही शनिवारी आमच्याकडे टीव्ही बघता."

"टीव्ही तुम्ही लावता. रिक्षात मी बसणार. सकाळी चालत जाऊ."

त्यांना त्र्याहत्तरावं वर्ष चालू आहे आणि डावा गुडघा दुखतो. सकाळी निघताना मला वाटलं, ताई वाट बघत बसतील, कळवलेलं बरं. शनिवारी त्यांचा फोन बंद. म्हणून मी त्यांच्या हॉटेलच्या काउंटरला फोन करून निरोप ठेवला: भाऊ निघाले आहेत, पायी येत आहेत, सहा किलोमीटर आहे, उशीर होईल. निरोप कसा स्वच्छ आणि पूर्ण असावा, ह्याचा तो नमुना होता.

पहिला किलोमीटर काका खुशीत होते. वाटेतल्या खांबांवरच्या उघड्या वायरी मला दाखवत होते. "लिहून घ्या, हा जोड पावसाळा काढणार नाय." दुसऱ्या किलोमीटरनंतर त्यांनी वायरी बघणं सोडलं. चौथ्याला ते दर चौकात सिग्नल बघण्याच्या निमित्ताने थांबू लागले. सिग्नल सुटला तरी बघत. किती राहिलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आकडा सांगायची माझी हिंमत नव्हती.

ताईंच्या हॉटेलात पोचलो तर काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघतच राहिली. "मैडम तो ऑटो से निकल गईं. मेसेज सुनते ही. बोलीं, भाई को रास्ते में रोकना है."

काका दारातल्या सोफ्यावर बसले. चपलाही काढल्या नाहीत. "माझ्यापायी तिचा शनिवार मोडला," एवढंच म्हणाले.

मी सांत्वनाचं काही बोलणार होतो. पण ज्या निरोपाने तो मोडला होता तो माझाच होता.

अर्ध्या तासाने रिक्षा आली. पांढऱ्या रुमालाने डोकं बांधलेली, काकांचंच नाक असलेली म्हातारी बाई काठी टेकत उतरली आणि मला म्हणाली, "तुम्ही शेजारी ना? ह्याचे पैसे तुम्ही द्या. मी आज पैशाला हात लावत नाय, शनिवार हाय."

मी दिले. ताई आत जाऊन काकांसमोर उभ्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षांनी भेटलेली माणसं एकमेकांना काय म्हणतात, ह्याबद्दल माझी काहीतरी कल्पना होती.

"तुझ्या हाटेलात गेलते, मग दोन तास रस्ते हुडकले. चालत निघालास तो निघालासच. येडा हायस."

"ताय, तू रिक्षात बसलीस?"

"व्हय. बाबा असते तर तेही बसले असते. पोर हरवल्यावर शनिवार कसला?"

पोर मान खाली घालून बसलं होतं. मग ते जमिनीकडेच बघत म्हणालं, "मी पाळत नाय गो ताय. तुला खोटं सांगत आलो. तिथं आपलं कोणी उरलं नाय. एकट्यानं पाळायचा म्हंजे नुसतं अंधारात बसायचं."

मी काउंटरवरची माहितीपत्रकं वाचू लागलो. ताई काठी बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी बसल्या.

"ठाऊक हाय मला."

"कसं?"

"मी शुक्रवारी फोन करते तेव्हा माझ्याकडं दिवस असतो. तुझ्याकडं केव्हाचा बुडलेला असतो. तरी तू पहिल्या रिंगला उचलतोस."

मी मनातल्या मनात दोन्हीकडच्या घड्याळांची वजाबाकी केली. बरोबर होती. त्या दोन दिवसांत बरोबर आलेला तो एकच हिशेब, आणि तो माझा नव्हता.

काकांनी मान वर केली. "मग इतकी वर्षं बोलली नायस ती?"

"बोलले असते," ताई म्हणाल्या, "तर तू उचलला नसतास."